तुझ्या नायकाला दृष्टी देऊ नकोस

चि. चिऊस,



तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं आणि वाचूनही झालं. भाषा तुझ्या हाती आहे. संवाद कानावर पडल्यासारखे वाटतात. बँकेतली ती दुपार, आत्याबाईंचा फटकळपणा, वाड्यातली भाऊबंदकी, सगळं छान जमून आलंय. प्रकाशकाकडे पाठवू का, असं तू विचारलंयस. एवढ्यात पाठवू नकोस. का, ते सविस्तर लिहिते, कारण अपंग माणसाची चांगली प्रेमकथा मराठीत यायला हवी असं मला मनापासून वाटतं आणि ती तुझ्या हातून व्हावी अशी इच्छा आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेत माझं उभं आयुष्य गेलं. तिथून बाहेर पडलेली मुलंमुली प्रेमात पडताना, नकार पचवताना, घरच्यांच्या विरोधात जाऊन लग्न करताना आणि लग्नानंतर कडाक्याची भांडणं करताना मी पाहिली आहेत. तेव्हा पत्र जरा लांबेल, पण नेटाने वाच.

तुझा नायक अंध आहे. गातो सुंदर, चिडत कधी नाही, कुणाकडे काही मागत नाही. नायिका चालून आलेलं परदेशातलं स्थळ नाकारून त्याच्याशी लग्न करते. सगळे तिच्या मनाच्या मोठेपणाचे गोडवे गातात. शेवटच्या प्रकरणात नेत्रदानामुळे त्याला दिसू लागतं आणि पहिला चेहरा दिसतो तो तिचा. चिऊ, ही कथा फक्त तिची झाली. तिचा मोठेपणा सिद्ध करण्यापुरता तो कथेत आला. त्याला तिच्यातलं काय आवडलं? तिच्या कुठल्या सवयीने त्याचं डोकं फिरतं? तिच्याआधी त्याला कुणी आवडली होती का? तो तिला ‘नाही’ म्हणू शकला असता का? यातलं एकही उत्तर अख्ख्या कादंबरीत सापडत नाही. ज्याला नकार देण्याची मुभा लेखकानेच दिलेली नाही, त्याच्या होकाराला काय किंमत?

मला सांगायचंय ते एवढंच. अपंग माणसावर कुणीतरी प्रेम केलं, एवढ्याने प्रेमकथा होत नाही. त्यानेही निवड केली पाहिजे. त्यालाही कुणीतरी हवंहवंसं वाटलं पाहिजे आणि तोही कुणाला तरी तसाच, जसा आहे तसा, हवाहवासा वाटला पाहिजे. बाकीचं सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे.

त्याग आणि चमत्काराचं हे वळण आपल्या हाताला फार जुनं आहे. महाभारतातली सुकन्या आठव. वारुळात चमकणारे च्यवन ऋषींचे डोळे ती नकळत काट्याने टोचते आणि त्याची भरपाई म्हणून तिचे वडील तिला त्या जख्ख ऋषींना देऊन टाकतात. पुढे अश्विनीकुमार येऊन त्यांना तरुण आणि देखणं करतात. गांधारी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. भागवतातल्या कुब्जेला कृष्ण आधी सरळ करतो, तिच्या घरी जातो तो त्यानंतर. एकीचं प्रायश्चित्त, दुसरीचा त्याग, तिसरीवर चमत्कार. आजही मालिका लिहिणारे याच तीन वाटांनी जातात, आणि तुझ्या कादंबरीत त्यागही आहे आणि चमत्कारही.

पश्चिमेकडेही फार वेगळं नाही. शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) आगीत आंधळा झालेल्या रॉचेस्टरला लग्नानंतर एका डोळ्याने दिसू लागतं. जोजो मॉइस यांच्या ‘मी बिफोर यू’मध्ये (२०१२) मानेखाली लुळा झालेला श्रीमंत, हुशार तरुण प्रेम मिळाल्यावरही मरण निवडतो. २०१६ साली त्यावर चित्रपट आला तेव्हा अपंगांच्या संघटनांनी त्याला उघड विरोध केला. त्यांचा सवाल साधा होता: आमच्यासारख्यांच्या कथेचा शेवट एक तर बरं होणं, नाही तर मरून जाणं, असाच का? व्हीलचेअरवर बसून संसार करणारी, मुलं वाढवणारी, म्हातारी होणारी माणसं जगात इतकी असताना त्यांच्या वाट्याला कथेत ते का येऊ नये?

म्हणून सर्वांत आधी ते नेत्ररोपण काढून टाक. शिवाय ते चूकही आहे. नायकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे असं तू दुसऱ्या प्रकरणात लिहिलंयस. तो आजार डोळ्याच्या मागच्या पडद्याचा. नेत्रदानात मिळणारं पारपटल बसवतात ते डोळ्याच्या पुढच्या बाजूला. पुढची काच बदलून मागचा पडदा दुरुस्त होत नाही. जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

खरं तर हाच आजार तुला केवढं तरी देऊ शकतो. यात बहुधा आधी रात्रीचं दिसणं जातं. मग कडेचं दिसणं आक्रसत जातं आणि बऱ्याच जणांचं मधलं थोडं बरीच वर्षं टिकतं. म्हणजे तुझ्या नायकाला भर दुपारी, समोर बसलेल्या नायिकेचा चेहरा दिसू शकतो, पण तिने टेबलावरून पुढे केलेला हात दिसत नाही. ती हात तसाच धरून राहते, मग मागे घेते. तिला वाटतं, शिष्ट आहे. तो वर्तमानपत्राचा मथळा वाचतो आणि दारातल्या स्टुलाला अडखळतो, तेव्हा लोकांना वाटतं, सोंग करतोय. तो दर वेळी भेट दुपारीच ठरवतो, संध्याकाळी कधीच नाही. का, ते तो सांगत नाही आणि तिला वाटतं, याचं दुसरीकडे कुठेतरी आहे. पांढरी काठी त्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली असते, ती तिच्यासमोर बाहेर काढायची की नाही, हे ठरवायलाच त्याला काही प्रकरणं लागतील. जेव्हा तो ती काढेल आणि तिच्यासोबत रात्रीच्या रस्त्याने चालेल, तो तुझ्या कादंबरीतला खरा प्रेमप्रसंग होईल. त्यासाठी कुणाचे डोळे मागून आणावे लागणार नाहीत.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) पुन्हा बघ. नसीरुद्दीन शाह अंधशाळेचे अंध मुख्याध्यापक आणि शबाना आझमी तरुण विधवा. कॉफी देताना ती मदतीला पुढे होते आणि तो भडकतो, कारण त्या वेळी तो यजमान असतो. साधा प्रसंग, पण माणूस उभा राहतो. पुढे ठरलेलं लग्न तोच मोडतो. ती आपल्यावर प्रेम करतेय की स्वतःच्या दुःखावर उतारा म्हणून हा त्याग करतेय, अशी शंका त्याला खात असते. त्याचा अहंकार, त्याची भीती, तिचं एकटेपण, यातून कथा चालते. अडथळा त्याच्या डोळ्यांत नाही, दोघांच्या मनांत आहे. तुझ्या नायकाला असा राग येऊ दे, असा संशय येऊ दे. कधी त्याला चुकीचंही वागू दे.

गुलजारांचा ‘कोशिश’ (१९७२) त्याच्याही पुढे जातो, कारण त्यात दोघंही मूकबधिर आहेत, त्यामुळे कुणी कुणाचा उद्धार करायचा हा प्रश्नच उरत नाही. बाळाला ऐकू येतं का, हे पाहायला दोघं खुळखुळा वाजवतात, बाळ वळत नाही, त्यांचं काळीज हबकतं आणि डॉक्टरांकडे गेल्यावर कळतं की खुळखुळ्यात दाणेच नाहीत. ही कल्पना सुचायला त्या दोघांच्या घरात राहून पाहावं लागतं. तुझी गोष्टही अशी घरात शिरली पाहिजे.

कर्णबधिरांचं मी रोज पाहिलंय, म्हणून त्यातलं थोडं देते. ओठ वाचून सगळं कळतं, असं सिनेमावाले समजतात. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. ‘बाबा’ आणि ‘मामा’ यांतला फरक कानाला कळतो, डोळ्याला नाही. समोरच्याला झुपकेदार मिशी असली, तोंडात पान असलं, पाठीमागे खिडकीचा उजेड असला की उरलंसुरलंही हातचं जातं. दोघंही खुणांच्या भाषेत बोलणारे असतील तर दिवा मालवला की गप्पा संपतात. भारनियमनाच्या दिवसांत आमच्या एका जोडप्याच्या उशाशी कायम विजेरी असायची, रात्री उशिरापर्यंत बोलायला. भांडताना समोरच्याने डोळे मिटून घेतले की त्याने कानांत बोटं घातल्यासारखंच झालं. आमची एक मुलगी म्हणायची, ‘सर्वांत जास्त राग मला त्याचाच येतो, तो डोळे मिटतो तेव्हा.’ आता व्हिडिओ कॉलमुळे गावोगावच्या बहिऱ्या मुलामुलींना रात्र रात्र बोलता येतं. त्यांची प्रेमं त्यावर जमतात आणि त्यावरच तुटतात.

अंध प्रेमिकांच्या पत्रांचाही विचार कर. फोन बोलू लागायच्या आधी आलेलं पत्र तिसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं, भावाकडून, नाही तर मित्राकडून. प्रेमपत्र असं वाचून घ्यायचं म्हणजे काय, याची कल्पना कर. डोळस मुलीने त्याच्यासाठी ब्रेल शिकायचं ठरवलं, तर पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचत जावं लागतं, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचता येतात. सहा टिंबांच्या जागा, त्यांतल्या कुठल्या टोचायच्या ते लक्षात ठेवायचं. तिची पहिली पत्रं चुकांनी भरलेली असतील आणि तो ती बोटांनी वाचून हसेल. आता त्याचा फोन तिचा निरोप वाचून दाखवतो, तोही इतक्या वेगाने की शेजारी बसलेल्या आईला त्यातलं अवाक्षर कळत नाही. हे घे आणि तुझ्या कथेत वापर.

एखाद्या कथेत नायिका व्हीलचेअरवर असेल तर तिची चिंता वेगळी. कंबरेखाली संवेदना नसतील तर एकाच जागी बसून राहिल्याने जखम होते आणि ती भरून यायला महिने लागू शकतात. म्हणून नाटक पाहतानाही ती मधूनमधून दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलते. हे पाहून नायकाला प्रश्न पडू दे, आणि तिने सांगावं की नाही ते तिला ठरवू दे. उतार असतो एकास बाराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आपल्या मंगल कार्यालयातल्या स्टेजला तो बहुधा नसतो. स्वतःच्या लग्नात, नटूनथटून, शंभर लोकांसमोर दोन दिरांनी खुर्चीसकट उचलून वर नेलेली नवरी काय विचार करत असेल, त्यावर एक प्रकरण लिही. आणि सिनेमात नायक नायिकेला उचलून घेतो तसं न विचारता उचलू नकोस. तिची खुर्ची म्हणजे तिचं अंगच आहे. मागून मूठ धरून ढकलण्याआधीही विचारावं लागतं. विचारणं प्रेमात कमीपणाचं नसतं, ते प्रेमाचंच अंग आहे, हे तुझ्या नायकाला कळू दे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाच. शरीर अचानक बदलल्यावर माणूस स्वतःशी काय काय बोलतो, ते त्यात कळेल.

समाजाचं चित्रही खरं काढ. वधूवर मंडळात अपंग मुलीचा बायोडेटा गेला की बिजवर, वयाने दुप्पट, मुलंबाळं असलेला, अशी स्थळं येतात. वर ऐकून घ्यावं लागतं, पदरात पडलं पवित्र झालं. अपंग मुलाला मात्र गरिबाघरची धडधाकट मुलगी अनेकदा मिळून जाते. बाई आणि पुरुष यांच्या अपंगपणात हा मोठा फरक आहे. महाराष्ट्र शासनाने अव्यंग व्यक्तीने दिव्यांग व्यक्तीशी लग्न केल्यास पन्नास हजारांची मदत २०१४ मध्ये सुरू केली. ती कुणाच्या संसाराला कामीही येते. पण बँकेतल्या तुझ्या नायिकेला शेजारीण विचारेल, ‘सरकारकडून किती मिळाले गं?’ तेव्हा तिच्या आणि त्याच्याही चेहऱ्यावर काय उमटेल, ते तू लिहू शकशील.

कथेचा काळ ठरवताना कायदा तपासून घे. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे फिट्स येणं, लग्नाच्या आड येत होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं, इकडे वरोऱ्याच्या आनंदवनात बरी झालेली माणसं कधीपासून संसार करत असताना. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात मानसिक आजार आहेत, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुली आहेत, सिकलसेलही आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताच्या तपासणीचा कागद हातात घेऊन बसलेली, एकमेकांवर जीव असलेली दोन माणसं, यावरही एक कादंबरी होईल. ती तुझी पुढची समज.

शरीराबद्दल लिहिताना तू फार बिचकलीयस. लग्न झालं आणि पडदा पडला. इतर जोड्यांबद्दल तू असं केलं नाहीस. अपंगांना वासना नसते किंवा असू नये, असं समाजाने मानलं आणि त्यातून भयंकर गोष्टी झाल्या. १९९४ साली पुण्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढून टाकली गेली आणि त्यावर देशभर वादळ उठलं. जगाने डोक्यावर घेतलेल्या अंध आणि बधिर हेलन केलरचंही असंच झालं. १९१६ साली, छत्तिसाव्या वर्षी, ती पीटर फेगन या तिच्या तात्पुरत्या सचिवाच्या प्रेमात पडली. दोघांनी बॉस्टनमध्ये लग्नाच्या परवान्यासाठी अर्जही केला. बातमी वर्तमानपत्रात फुटली आणि घरच्यांनी ते लग्न होऊ दिलं नाही. तिची पुस्तकं जगभर वाचली जात होती, पण नवरा निवडायचा हक्क तिला नाही, असंच घरात सगळ्यांनी धरून चाललं. शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’मध्ये (२०१४) सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी आपली इच्छा लपवत नाही, म्हणून तो सिनेमा लक्षात राहतो. तू सवंग लिहू नकोस, पण पाठही फिरवू नकोस.

आणि आता कामाचं. अलीकडे इंग्रजीत हेलन होआंग यांनी ‘द किस कोशंट’ (२०१८) लिहिली. तिची नायिका स्वमग्न आहे आणि लेखिकाही. टालिया हिबर्ट यांच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ची (२०१९) नायिका कायम दुखणाऱ्या अंगाने जगते, प्रेम करते, शेवटीही अंग दुखतच असतं आणि कथा आनंदात संपते. हे जमलं, कारण आतून माहीत होतं. तुला आतून माहीत नाही, तर ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे जा. एकाच माणसाचं ऐकून त्याच्यावर सगळं उभं करू नकोस. जन्मापासून न दिसणारा, विशीत दृष्टी गेलेला, दृष्टी हळूहळू जात असलेला, या तिघांचं जग वेगळं असतं. त्यांच्या वेळेचा मोबदला दे. त्यांनी खाजगीत सांगितलेलं त्यांना न विचारता छापू नकोस. मग सगळं बाड निदान दोघा अंध वाचकांना वाचायला दे, एक बाई आणि एक पुरुष. ते ज्या पानावर कंटाळतील किंवा चिडतील, ते पान पुन्हा लिही.

ते वाचतील कसे, असं मनात आणू नकोस. स्वागत थोरातांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते वाचकांच्या भरवशावरच. अंधांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून मुभा आहे आणि त्यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. तू फक्त युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल दे, त्यांचा फोन ती वाचून दाखवेल. तुझ्या नायकासारखी माणसं तुझे वाचक आहेत, हे लिहिताना क्षणभरही विसरू नकोस. त्यांच्यावर कुणी किती उपकार केले, हे वाचायला ते पुस्तक उघडणार नाहीत. इतर कुणीही उघडतं तसंच, छातीत धडधडावं म्हणूनच ते प्रेमकथा उघडतील.

तेव्हा नायकाला दृष्टी देऊ नकोस, त्याला मत दे, राग दे, हट्ट दे, नोकरी दे, चार मित्र दे, एक जुनं फसलेलं प्रेम दे. आणि एका प्रकरणात तरी त्याला नायिकेला ठामपणे ‘नाही’ म्हणू दे. त्यानंतर त्याने ‘हो’ म्हटलं, तर वाचक तुझ्यावर विश्वास ठेवतील. शेवटची चार प्रकरणं नव्याने लिही, घाई करू नकोस आणि झाली की मला पाठव.

तुझी,
मावशी